मुंबईच्या पावसातली झाडं आणि बुरशी: ओळखण्यापासून बोर्डोपर्यंत

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गेटच्या डाव्या हाताला जास्वंदीची जुनी रांग आहे. काही वर्षांपूर्वी एका फेब्रुवारीत तिची पानं काळी पडली, काजळ फासल्यासारखी. मी बुरशीनाशकाची पुडी आणली आणि सलग तीन रविवार फवारली. काळेपणा तसाच. चौथ्या रविवारी माळीकाकांनी एक पान तोडलं, ओल्या बोटाने पुसलं, आणि खालून हिरवंगार पान निघालं. "ताई, हा पानाचा रोग नाही, पानावरचा मळ आहे. वर बघा." वर कोवळ्या शेंड्यांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्यासारखा बसला होता आणि खोडावरून मुंग्यांची ये-जा चालू होती.

हा ढेकूण झाडाचा रस शोषतो आणि चिकट गोड द्राव टाकतो. त्या गोडावर काळी बुरशी वाढते. पानाच्या आत ती शिरतच नाही. तीन आठवडे मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते. नंतर जे केलं ते सोपं होतं. पार भरलेले शेंडे कापले, पाइपच्या जोरदार धारेने बाकीचे धुतले, एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १ मिली भांडी घासायचा द्रव साबण घालून आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारलं. मुंग्या ढेकणांची राखण करतात, म्हणून खोडाला चिकट पट्टी गुंडाळून त्यांची वाट बंद केली. काजळी आपोआप सुकून पापुद्र्यांसारखी गळाली.

म्हणून या लेखात औषध बरंच खाली येतं. घाई असेल त्यांनीही आधीचं वाचूनच तिथे जावं.

पायरी १: बुरशीच आहे ना?

पान पुसून बघणं ही पहिली परीक्षा. पुसलं गेलं तर काजळी; कीड शोधा. पुसलं गेलं नाही, तर पान उलटं करून मागची बाजू बघा. अर्धे रोग तिथेच कळतात.

मुंबईत बुरशी समजून हमखास चुकतं ते असं. लिंबाच्या पानावर आणि फळावर खरखरीत, उंचवटा आलेले, पिवळ्या कडीचे डाग पडतात. त्याला खैऱ्या म्हणतात आणि तो जिवाणूंमुळे होतो. तांब्याच्या औषधाने तो काहीसा आटोक्यात राहतो, पण बाकीची बुरशीनाशकं त्यावर वाया जातात. एक्झोराचं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, हा लोहाच्या कमतरतेचा प्रकार. कुंडीत सिमेंट-चुन्याचा राडारोडा मिसळलेली माती असली की हटकून होतो. वरळी, गिरगाव, वर्सोवा अशा समुद्राकडे तोंड असलेल्या बाल्कन्यांत पानांच्या कडा करपतात, तो बऱ्याचदा खाऱ्या वाऱ्याचा परिणाम असतो. आणि आंब्या-फणसाच्या खोडावरचे पांढरट-हिरवट चट्टे पाहून कोणी घाबरू नये. ते दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्याच जातकुळीतलं. झाडाचं ते काही खात नाही. ते खरवडून खोडाला गेरू-चुना फासला की आवार नीटनेटकं दिसतं, एवढाच त्याचा उपयोग.

पायरी २: कोणती बुरशी, ते ठरवा

नाव कळलं की अर्धं काम होतं, कारण सगळ्या बुरशींना एकच हवामान आवडत नाही.

*काळे ठिपके.* गुलाबाचा पावसाळी रोग. ठिपका गोल असतो, पण कड झालरीसारखी विस्कटलेली; भोवती पान पिवळं पडतं आणि खालच्या पानांपासून गळ सुरू होते. या बुरशीला रुजायला पान साधारण सात तास सलग ओलं लागतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळा हिशेब त्यावरच आहे.

*करपा.* आंब्याच्या कोवळ्या पालवीवर तपकिरी-काळे डाग, मग पान वेडंवाकडं होऊन फाटतं; मोहोर काळा पडतो, पिकत्या फळावर काळे खोलगट डाग येतात. मोगऱ्यावर, जास्वंदीवर, कुंडीतल्या शोभेच्या झाडांवरही करप्याची भावंडं दिसतात.

*भुरी.* पानावर, कळीवर पिठी साखर भुरभुरल्यासारखा पांढरा थर. ही उलट्या काळजाची. तिला पानावर पाणी नको असतं. कोरडे दिवस आणि गार रात्री हव्यात. म्हणून मुंबईत ती डिसेंबर ते फेब्रुवारीत येते, गुलाबावर आणि आंब्याच्या मोहोरावर.

*तांबेरा.* पांढऱ्या किंवा लाल चाफ्याचं पान वरून बघितलं तर नुसते पिवळे ठिपके. उलटं केलं की मागे नारिंगी पूड, बोटाला हळदीसारखी लागते. आमच्या आवारातल्या चाफ्याला दर पावसात होतो. पानं गळतात, झाड मरत नाही, आणि तसाही चाफा हिवाळ्यात पानं टाकून उघडाबोडका होतोच. चाफ्याच्या तांबेऱ्यासाठी मी औषध वापरत नाही; पडलेली पानं रोज उचलते, बस.

*शेंडामर.* फांदी शेंड्याकडून खाली काळी-तपकिरी पडत वाळत येते. गुलाबात ती छाटलेल्या टोकापासून सुरू होते, आंब्यात बारीक डहाळ्यांपासून.

*गुलाबी रोग.* मुसळधार पावसात फणस-आंब्याच्या फांद्यांवर, विशेषतः बेचक्यात, फिकट गुलाबी साय धरल्यासारखं दिसतं. वरची फांदी अचानक सुकते.

*मूळकुज आणि डिंक्या.* माती ओली असूनही झाड मलूल, पानं पिवळी, मुळं तपकिरी आणि ओढली की साल निघून आतला दोराच हातात. लिंबू-संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळायला लागला तर तो डिंक्या. तो करणारा जीव शास्त्राच्या दृष्टीने खरी बुरशी नाही, पाण्यात पोहणाऱ्या बीजाणूंचा तिचा दूरचा नातेवाईक आहे. हा फरक पुस्तकी वाटेल, पण खिशाला लागतो: दुकानदार सर्रास देतो त्या कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचा याच्यावर काहीही परिणाम होत नाही.

नारळ असेल तर एकच गोष्ट तपासा. मधला सुईसारखा कोंब मलूल झाला, हलक्या हाताने ओढला तर उपसून आला आणि सडका वास आला, तर कोंबकुज. नारळावर चढणाऱ्याला त्याच दिवशी बोलवा. कुजका भाग साफ करून बोर्डो पेस्ट (मोरचूद म्हणजे तांब्याचा निळा क्षार आणि चुना यांचा लेप; कृती पायरी ६ मध्ये) लावायची आणि नवीन कोंब येईपर्यंत पाणी शिरणार नाही असं झाकायचं. आठवडाभर वाट पाहिलीत तर वाचवण्यासारखं काही उरत नाही.

पायरी ३: आधी कात्री

रोगट पान झाडावर ठेवून फवारणं म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणं. प्रत्येक ठिपक्यातून पावसाच्या थेंबाबरोबर नवे बीजाणू उडत असतात.

कापायचं कोरड्या दिवशी. स्पिरिटमध्ये भिजवलेला बोळा खिशात ठेवा आणि एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्रीची पाती पुसा. आमच्याकडे एका ऑक्टोबरात सहा गुलाब एकाच कात्रीने, न पुसता छाटले. त्यातल्या चारांना शेंडामर लागली. योगायोगही असेल, पण तेव्हापासून बोळा विसरले नाही.

फांदी कुठे कापायची? वाळलेल्या भागाच्या काठावर नाही, त्याच्या चार-पाच बोटं खाली, निरोगी लाकडात. गुलाबाची फांदी कापल्यावर काप नीट बघा. मधला गाभा पांढरट-हिरवा दिसायला हवा. तपकिरी ठिपका दिसला तर आणखी खाली कापा, परत बघा. एकदा मी असं करत करत फांदी पार वीतभर उरेपर्यंत खाली आले. जीव हळहळला, पण दिवाळीत त्याच खुंटातून तीन जोरकस फुटवे आले. काप तिरका, डोळ्याच्या जरा वर, म्हणजे पाणी साचत नाही. गुलाबी रोगाची फांदी असेल तर दिसणाऱ्या चट्ट्याच्या निदान वीतभर खाली कापायचं.

कापलेलं, गळलेलं सगळं गोळा करून वेगळ्या पिशवीत भरा. सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात ते टाकू नका. आपले खड्डे नीट तापत नाहीत, बीजाणू त्यात सुखाने जगतात आणि जानेवारीत तेच खत तुम्ही गुलाबाच्या बुंध्याशी घालता. या मुद्द्यावरून माझं आमच्या कंपोस्टवाल्या मंडळींशी दरवर्षी एकदा वाजतं.

पायरी ४: पान किती तास ओलं राहतं?

मुंबईत बुरशीचे बीजाणू हवेत कायमच असतात. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो थांबवणं आपल्या हातात नाही. पाऊस थांबल्यावर पान दोन तासांत सुकतं की रात्रभर ओलं राहतं, हे मात्र पुष्कळसं आपल्या हातात आहे. सात तासांचा आकडा इथे कामाला येतो.

बाल्कनीत कुंड्या ग्रिलला चिकटून, एकमेकींत पानं अडकवून ठेवलेल्या असतात. पावसाळ्यात त्यातल्या एकतृतीयांश खोलीच्या आतल्या खिडकीशी किंवा जिन्यात हलवा. दोन कुंड्यांच्या पानांमधून हात सहज फिरला पाहिजे. मोगऱ्याच्या झुडपाच्या आतल्या बारीक, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून मध्ये वाट करा. सोसायटीत कुंपणाच्या भिंतीला टेकून वाढलेली झुडपं भिंतीपासून हातभर कापून मोकळी करा. भिंतीकडची बाजू कधीच सुकत नाही.

आणि पाणी. आमच्याकडे संध्याकाळी सहाला टाकीचं पाणी सुटलं की वॉचमन पाइप घेऊन सगळ्या झाडांना वरून आंघोळ घालायचा. त्याला वाटायचं, झाडं स्वच्छ होतात. झाडं स्वच्छ व्हायची आणि रात्रभर ओली राहायची. पाणी सकाळी आणि फक्त बुंध्याशी, एवढा एक बदल केला त्या वर्षी सप्टेंबरनंतरचे काळे ठिपके निम्म्याहून कमी दिसले. मी काही मोजमाप केलं नाही, पण गळलेल्या पानांच्या पिशव्या मीच उचलत होते.

भुरीचं मात्र उलटं. जानेवारीत सकाळी पानं नुसत्या पाण्याने धुतली, ती ऊन लागून सुकली, तर तिला त्रासच होतो.

पायरी ५: मुळांपाशी

पानावरचा रोग दिसतो, मुळाचा दिसेपर्यंत उशीर होतो. म्हणून हे काम मे महिन्यातच उरकायचं.

कुंडीच्या खालचं भोक उघडं आहे का, काडी घालून बघा. ताटली जूनमध्ये काढून टाका. मुळं कुजत नाहीत आणि डासांच्या अळ्या शोधायला येणाऱ्या महापालिकेच्या माणसांसमोर मान खाली घालावी लागत नाही. नर्सरीतली नुसती लाल माती दोन पावसांत विटेसारखी घट्ट होते. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत आणि एक भाग भाताचं तूस किंवा विटेचे बारीक तुकडे, असं मिश्रण मुंबईच्या पावसाला बरं. पावसाळ्यात उघड्यावर राहणाऱ्या कुंडीत कोकोपीट जास्त घालू नका, ते पाणी धरून बसतं. अडेनियम तर जून ते सप्टेंबर छपराखालीच हवं. त्याचं फुगीर खोड एकदा मऊ पडलं की आत सगळं कुजलेलं असतं.

जमिनीतल्या झाडाचं आळं उन्हाळ्यात खोलगट असतं, पाणी धरायला. पावसाळ्याआधी तेच उलटं करायचं: बुंध्याशी माती थोडी उंच, बाहेर उतार. पण ही माती खोडावर चढवायची नाही. लिंबाच्या कलमाचा जोड मातीच्या निदान वीतभर वर दिसला पाहिजे. पालापाचोळ्याचं आच्छादनही खोडापासून चार बोटं दूर.

ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी इथेच वापरायची. ती रोगाच्या बुरशीला खाते आणि तिची जागा बळकावते. मूठभर निंबोळी पेंड आणि चार मुठी ओलसर शेणखतात दोन चमचे ट्रायकोडर्मा पूड मिसळून, गोणपाटाने झाकून आठ-दहा दिवस सावलीत ठेवा, मग कुंड्यांत वाटा. पुडीवरची मुदत आधी वाचा, ती जिवंत वस्तू आहे. आणि तिच्या मागोमाग मातीत रासायनिक बुरशीनाशक ओतू नका, नाहीतर स्वतःच पेरलेलं स्वतःच माराल. मध्ये निदान दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

डिंक्या दिसला तर: डिंकाभोवतीची कुजकी साल धारदार चाकूने निरोगी लाकूड दिसेपर्यंत खरवडा, एक दिवस सुकू द्या, बोर्डो पेस्ट लावा. मुळांशी मेटॅलॅक्सिल आणि मॅन्कोझेब एकत्र असलेलं औषध लिटरला अडीच ग्रॅम घेऊन ओततात.

पायरी ६: आता औषध

घरगुती उपायांत भुरीवर दोन गोष्टी खरोखर चालतात. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, भर उन्हात फवारायचं. किंवा लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा आणि साबणाचे दोन-चार थेंब. आधी दोन पानांवर करून दोन दिवस थांबा, जास्त झाला तर पान भाजतं. पावसाळ्यातल्या काळ्या ठिपक्यांवर, करप्यावर या दोन्हींवर विसंबून राहू नका. दालचिनी, हळद वगैरे कुंडीच्या मातीत भुरभुरल्याने फार तर मन शांत होतं.

दुकानातली चार नावं पुरतात. कॉपर ऑक्सिक्लोराईड, लिटरला अडीच ते तीन ग्रॅम, आणि मॅन्कोझेब, लिटरला दोन ते अडीच ग्रॅम: दोन्ही पानावर बसून राखण करतात, रोग लागायच्या आधी उपयोगी. कार्बेन्डाझिम, लिटरला एक ग्रॅम: पानात शिरतं, रोग लागल्यावरही चालतं, पण तेच तेच मारत राहिलात तर बुरशी त्याला सरावते, म्हणून एकदा हे, पुढच्या वेळी ते. पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम: फक्त भुरीसाठी, आणि पारा ३२ अंशांच्या वर असताना अजिबात नाही. पाकिटावर वेगळं प्रमाण असेल तर पाकीट खरं. पाकिटावरचा रंगीत चौकोनही बघा: लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यांत सौम्य. लाल-पिवळ्याला सोसायटीच्या बागेत जागा नाही.

कढीपत्ता, तुळस, गवती चहा यांवर यातलं काहीच नको. कढीपत्ता छाटा, तो दुप्पट फुटतो.

सगळ्यांत जुनं आणि माझ्या मते आपल्या पावसाला सगळ्यांत मानवणारं म्हणजे बोर्डो. कोकणात पोफळीच्या बागांत कोळेरोगासाठी पावसाच्या तोंडावर हेच मारतात. दहा लिटरला मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम. त्याला एक टक्क्याचं मिश्रण म्हणतात.

दोन प्लॅस्टिकच्या बादल्या घ्या. लोखंडी किंवा पत्र्याची अजिबात नको. एकीत पाच लिटर पाणी. मोरचूद जुन्या ओढणीच्या तुकड्यात बांधून रात्रभर त्यात लोंबत ठेवा, सकाळपर्यंत विरघळतो. तळाशी टाकला तर तसाच बसून राहतो. दुसऱ्या बादलीत चुन्यावर थोडं थोडं पाणी शिंपडा. तो फुसफुसतो, वाफा येतात, बादली हाताला गरम लागते. चेहरा लांब ठेवा, चष्मा घाला. शांत झाला की पाच लिटर पाणी करा, गार होऊ द्या, फडक्यातून गाळा. रंगाच्या दुकानात उघड्या गोणीतला जुना भुकटी चुना मिळतो, तो निकामी असतो.

मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात बारीक धारेने ओतायचं, दुसऱ्याने लाकडी काठीने ढवळत राहायचं. आकाशी रंग येतो, निवळशंख आभाळासारखा. आता परीक्षा. घासून चकचकीत केलेली लोखंडी सुरी त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त आहे, असं फवारलं तर पानं भाजतील. चुन्याची निवळी थोडी थोडी घालत परत बघा. पातं स्वच्छ निघालं की मिश्रण तयार. त्याच दिवशी संपवायचं, उद्याला ठेवायचं नाही. पेस्ट हवी असेल तर तेवढाच मोरचूद-चुना दहाऐवजी एक लिटरभर पाण्यात; छाटलेल्या जाड फांद्यांच्या टोकांना ब्रशने लावतात.

फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळच्या द्राक्षबागांत रस्त्याकडच्या वेलींवर हे निळं फासायचे, ते चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून. त्याच वेलींवर रोग कमी आहे, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेत भरलं आणि १८८५ मध्ये त्याने ते जगासमोर मांडलं. निळा डाग सहज जात नाही, हे मला वेगळ्या मार्गाने कळलं. आंब्यावर फवारताना खाली उभ्या असलेल्या बी विंगच्या पांढऱ्या गाडीकडे माझं लक्ष गेलं नाही. पुढचे तीन महिने मी लिफ्टऐवजी जिना वापरला.

पायरी ७: फवारणीचा दिवस

पहिली फवारणी पाऊस लागायच्या आधी, मेच्या शेवटच्या किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात. पुढच्या जुलै-ऑगस्टातल्या उघडिपीत, रोग दिसत असेल तरच, १२ ते १५ दिवसांच्या अंतराने. औषध मारल्यावर चार-सहा तास कोरडे मिळायला हवेत. हवामान खात्याचा रडार मोबाइलवर बघून मगच पाणी कालवा. लिटरला अर्धा ते एक मिली स्टिकर (औषध पानाला चिकटवून ठेवणारा द्रव) घाला, नाहीतर पहिल्याच सरीत सगळं गटारात.

सकाळी दव उतरल्यावर, नऊच्या आत. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की औषध झाडावर कमी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जास्त पडतं. आदल्या रात्री ग्रुपवर कळवा: खिडक्या बंद, कपडे आत, गाड्या हलवा, मुलं आणि मांजरं वर. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या. नोझल खालून वर धरा, पानाची मागची बाजू भिजली पाहिजे. थेंब ओघळायला लागले की थांबा. फुललेल्या गुलाबावर, उमललेल्या मोगऱ्यावर मारू नका, पाकळ्या डागाळतात आणि मधमाश्या येतात त्या वेगळ्याच. कुंडीतल्या झाडांवर तांब्याची औषधं वर्षात दोन-तीनदाच. तांबं त्या मूठभर मातीत साठत जातं.

ऑक्टोबरात पाऊस गेला की गुलाबाची मुख्य छाटणी, काप झाकायला पेस्ट आणि एक कॉपर ऑक्सिक्लोराईडची फवारणी. एवढ्यावर डिसेंबरपर्यंत निवांत.

पायरी ८: मोठं झाड

इथे सूर बदलतो. गुलाब मेला तर हळहळ वाटते. गुलमोहर पडला तर माणूस मरतो.

गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, सोनमोहर यांच्या बुंध्याशी पावसाळ्यात तपकिरी, वरून लाखेसारखी चकाकणारी, फळीसारखी भूछत्रं उगवतात. मुलं ती तोडून खेळतात, वॉचमन झाडूने पाडतो. पाडून उपयोग शून्य. ते नुसतं फळ आहे. बुरशी आत वर्षानुवर्षं लाकूड खात आली आहे आणि आता तिला बाहेर यायला फुरसत मिळाली, एवढंच. यावर औषध नाही. कोणी खोडात भोकं पाडून इंजेक्शनं देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. पोकळीत सिमेंट भरणंही जुनी चूक: आत पाणी अडतं, कूज वाढते.

तुम्ही करायचं ते असं. लाकडी हातोड्याने बुंध्याभोवती, जमिनीपासून छातीच्या उंचीपर्यंत, हळू ठोकत फिरा. भरीव ठिकाणी आवाज टणक, पोकळ ठिकाणी ढोलासारखा. त्या जागा खडूने आखा. भूछत्र किती, कुठल्या बाजूला, झाड कुठे कललंय, त्या बाजूला काय आहे, बुंध्याशी माती भेगाळली किंवा उचलली गेलीय का, याचे फोटो काढा. पेव्हर ब्लॉक खोडाला भिडलेले असतील तर निदान मीटरभर गोल मोकळा करा. खिळे, दिव्यांच्या माळांच्या तारा काढा; प्रत्येक भोक म्हणजे आत जायचं दार आहे.

मग अर्ज. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली, झाड सोसायटीच्या आवारात असलं तरी परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. फांद्या उतरवायच्या तरी वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्याकडे आधी अर्ज करायचा. तो मार्च-एप्रिलमध्ये करा, मेअखेर सगळी मुंबई तिथे रांगेत असते. झाड आत्ता पडतंय असं वाटलं तर महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर फोन करा, खालची गाड्यांची रांग हलवा आणि दोरी बांधून वाट बंद करा.

छाटणी चालू असताना खाली उभं राहा. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सुजल्यासारखी कड असते. काप त्या कडेच्या बाहेर हवा: कड खोडाबरोबर सपाट कापली तर जखम भरत नाही, आणि हातभर खुंट ठेवला तर तो कुजून बुरशीला आत नेतो. आधी खालून अर्धवट काप, मग वरून, म्हणजे साल सोलून निघत नाही. शेंडा उडवून खांब करायला देऊ नका.

आमचा क्लब हाउसमागचा गुलमोहर शेवटी गेला. उद्यान खात्याचे लोक पाहून गेले, तोडायची परवानगी मिळाली, आणि ओंडका आडवा झाल्यावर दिसलं की बाहेर चार बोटं लाकूड शाबूत होतं, आत हात घातला तर ओल्या केकसारखा चुरा. त्याची मुळं अजून जमिनीत आहेत आणि बुरशीही. म्हणून त्याच खड्ड्यात परत गुलमोहर लावला नाही. आठ फूट सोडून बकुळ लावली आहे, बुंधा उंचावर, आळं बाहेर उतरतं, आणि वॉचमनला पाइप तिच्यापासून लांब ठेवायला सांगितलंय.